सेन्सर खराब आहे, हे कशावरून?

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, तेव्हा स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या उपकरणाने, पी-०१२८ हा कोड दाखवला. इंजिनातील कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान थर्मोस्टॅटने (त्या द्रवाची वाट तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेने) राखायच्या पातळीपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट बदलण्यात आला. दहा दिवसांनी दिवा पुन्हा लागला आणि कोडही तोच आला. नवा थर्मोस्टॅटच सदोष निघाला असावा असे समजून तो पुन्हा बदलला, त्यानंतर तापमानाचा सेन्सर बदलला, आणि तरीही दिवा लागायचा तो लागलाच. दोष अखेर सापडला तो कनेक्टरच्या आत, एका वायरच्या टोकाशी, नखाएवढ्या जागेत. तोवर तीन चांगले सुटे भाग विनाकारण बदलले गेले होते.

असे का होते, हे समजून घ्यायचे तर सेन्सरचे काम काय ते आधी पाहिले पाहिजे. इंजिनात किती इंधन सोडायचे, ठिणगी केव्हा टाकायची, रेडिएटरचा पंखा कधी चालू करायचा, हे सगळे निर्णय ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक घेतो. त्याला स्वतःला काहीच दिसत नाही. तापमान, दाब, हवेचे प्रमाण, क्रँकशाफ्टची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) स्थिती यांची माहिती त्याच्याकडे फक्त व्होल्टेजच्या रूपाने, वायरमधून येते. त्यामुळे ईसीयूला जेव्हा एखादा आकडा पटत नाही, तेव्हा त्यामागे तीन शक्यता असतात. पहिली, आकडा खरा आहे आणि इंजिनातच काही बिघडले आहे. दुसरी, सेन्सर बरोबर मोजतो आहे, पण वायर, कनेक्टर किंवा अर्थिंगमधून जाताना ते मोजमाप बदलते आहे. आणि तिसरी, सेन्सरच चुकीचे सांगतो आहे. ईसीयूला या तिन्हींतला फरक बहुधा कळत नाही. तो फक्त तक्रार नोंदवतो. पहिल्या दोन शक्यता तपासून बाद केल्याशिवाय सेन्सरवर ठपका ठेवणे म्हणजे अंदाजावर पैसे लावणे होय.

कोड नीट वाचला, तर कामाची बरीच दिशा तिथेच मिळते. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून बंधनकारक झालेल्या ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या पद्धतीमुळे स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते आणि त्याला कोणताही साधा स्कॅनर जोडता येतो. कोडच्या सुरुवातीचे ‘पी’ हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्सशी संबंधित दोष दाखवते. त्यापुढे शून्य असेल तर तो कोड बहुतेक सर्व कंपन्यांना समान असतो. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो आणि त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पाहावा लागतो. पण खरे लक्ष द्यावे ते वर्णनातील शब्दांकडे. पी-०११८ म्हणजे कूलंट तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज फार जास्त आहे. हा निव्वळ विजेचा दोष आहे, आणि सेन्सर, वायर किंवा कनेक्टर यांपैकी कशात तरी खंड पडला आहे असे तो सुचवतो. पी-०११६ म्हणजे व्होल्टेज मर्यादेत आहे, पण परिस्थितीशी जुळत नाही. आणि पी-०१२८ किंवा पी-०१७१ यांसारखे कोड तर परिणाम सांगणारे असतात: इंजिन पुरेसे तापत नाही, मिश्रणात इंधन कमी पडते आहे. त्यांच्या वर्णनात कोणत्याही सेन्सरवर आरोप नसतोच. तो आरोप वाचणारा करतो.

दिवा नुसता लागून राहणे आणि लुकलुकणे यांत मोठा फरक आहे, हे इथेच सांगितले पाहिजे. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन इतके मिसफायर होते आहे, म्हणजे सिलिंडरमधील इंधन इतक्या वेळा पेटायचे राहते आहे, की न जळलेले इंधन एक्झॉस्टमधील, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे आणि तो कन्व्हर्टर वितळण्याचा धोका आहे. अशा वेळी गाडी पुढे दामटू नये.

स्कॅनर जोडल्यावर कोड पुसून टाकण्याचा मोह आवरावा. कोड नोंदला गेला त्या क्षणाची परिस्थिती ईसीयू जपून ठेवतो; तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिनाचे मिनिटाला फेरे किती होते, गाडीचा वेग किती, कूलंटचे तापमान किती, इंजिनावर भार किती, इंधनात किती दुरुस्ती चालू होती, हे सगळे तिच्यात असते. थंड इंजिनावर, गाडी उभी असताना आलेला दोष आणि चढावर, पूर्ण भाराखाली आलेला दोष यांचा शोध वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो, आणि कोड पुसताच हा पुरावाही पुसला जातो. आधी सगळे कागदावर उतरवून किंवा फोटो काढून ठेवावे.

त्यानंतर डोळे आणि हात. बॅटरीचे व्होल्टेज इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना सर्वसाधारणपणे १३.५ ते १४.५ असावे, ते ढासळलेले असेल तर अनेक सेन्सर एकाच वेळी विचित्र आकडे देऊ लागतात. मग एअर फिल्टरनंतरचा रबरी पाइप चिरला आहे का, व्हॅक्यूमची एखादी नळी निसटली आहे का, उंदराने वायर कुरतडली आहे का, कनेक्टरच्या आत पाणी, तेल किंवा हिरवट गंज दिसतो का, एखादी पिन मागे सरकली आहे का, हे पाहावे. अलीकडे गाडीवर कोणते काम झाले, हेही विचारावे. बॅटरी किंवा क्लचच्या कामात सुटलेली अर्थिंगची पट्टी परत न कसता राहणे, ही गोष्ट वाटते तितकी दुर्मिळ नाही.

आता कूलंटच्या सेन्सरकडे येऊ. सगळ्या सेन्सरांत हा सर्वांत साधा, आणि तपासणीची पद्धत शिकायला सर्वांत चांगला. त्याच्या आत एक थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. एका फार प्रचलित प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम, ६० अंशांना सुमारे ६०० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३२० ओहम असतो. ईसीयू आपल्या आतील एका ठरावीक रोधामधून ५ व्होल्टचा पुरवठा या सेन्सरला देतो आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्टेज उरले ते मोजतो. आतला रोधही २,५०० ओहमचा आहे असे धरले, तर २० अंशांना बरोबर अर्धे, म्हणजे २.५ व्होल्ट मिळतात आणि ८० अंशांना ०.५७ व्होल्ट. या व्होल्टेजवरून ईसीयू तापमान काढतो. मधली वायर तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीयूला इंजिन उणे ४० अंशांवर आहे असे वाटते. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य व्होल्ट दिसतात आणि तापमान १४० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त दिसते. ही दोन टोके लक्षात ठेवावीत, कारण पुढची सगळी परीक्षा त्यांच्यावर उभी आहे.

माझ्या गाडीत कोणतेच टोक दिसत नव्हते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी पाहिले, तर कूलंटचे तापमान १८ आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान २० अंश दिसत होते. थंड इंजिनात हे दोन्ही आकडे बाहेरच्या तापमानाशी जवळपास जुळावेत, ही सेन्सर तपासण्याची पहिली आणि फुकटची कसोटी आहे, आणि ती इथे उत्तीर्ण झाली होती. दोन अंशांच्या फरकाकडे कोणीही दुर्लक्ष करील, मीही केले. पण इंजिन पुरेसे तापल्यावर स्कॅनर ६२ च्या पुढे जाईना. वरचा रेडिएटर पाइप मात्र हात ठेववत नाही इतका गरम होता. थर्मोस्टॅट बसवलेल्या भागावर काळी चिकटपट्टी लावून इन्फ्रारेड तापमापक धरला, तेव्हा त्याने ८४ अंश दाखवले. चकचकीत ॲल्युमिनियमवर हा तापमापक खरे तापमान दाखवत नाही, बरेच कमी दाखवतो. म्हणून ती काळी पट्टी. या एका मोजमापाने पहिली शक्यता निकालात निघाली. इंजिन व्यवस्थित तापत होते, थर्मोस्टॅट दोन्ही वेळा निर्दोष होता.

राहिल्या दोन शक्यता: वाट आणि सेन्सर. त्यांना वेगळे करण्यासाठी सेन्सरचा कनेक्टर काढला. असे केल्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीयू खबरदारी म्हणून पंखा पूर्ण वेगाने चालू करतो, त्यामुळे हात, बाही आणि वायरी पंख्यापासून दूर ठेवूनच हे करावे. स्कॅनरवर लगेच उणे ४० आले. म्हणजे ईसीयूला तुटलेले सर्किट ओळखता येत होते. मग कनेक्टरच्या दोन्ही पिना एका छोट्या वायरने जोडल्या. आता आकडा १४० च्या आसपास जायला हवा होता. तो ८६ वर थांबला.

सगळा उलगडा या ८६ मध्ये आहे. सेन्सर तर सर्किटमधून पूर्ण बाहेर होता. सर्किटमध्ये फक्त वायरी, एक जोडतार आणि ईसीयू एवढेच होते, आणि तरीही ईसीयूला ८६ अंशांचा, म्हणजे सुमारे २७० ओहमचा रोध दिसत होता. हा रोध वायरीत कुठेतरी दडलेला होता. व्होल्टेज व रोध मोजणाऱ्या मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी कनेक्टरच्या अर्थिंगच्या पिनेला लावली, तर तिथे जवळजवळ शून्य दिसण्याऐवजी अर्धा व्होल्ट दिसला. चांगल्या अर्थिंगवर ०.१ व्होल्टहून जास्त फरक दिसता कामा नये. कनेक्टरच्या मागचे रबर सरकवून पाहिले, तेव्हा पितळी पिनेत दाबून बसवलेल्या वायरचे तंतू हिरवट भुकटीत बुडालेले आढळले. वायर हलवली तरी ती तुटली नाही; म्हणूनच नुसत्या डोळ्यांना ती चांगली वाटत राहिली.

आता सकाळच्या त्या दोन अंशांकडे परत जाऊ. थंड इंजिनात सेन्सरचा स्वतःचा रोध २,५०० ओहम असतो. त्यात २७० मिळवले तर फरक दहा टक्क्यांच्या आसपास पडतो आणि तापमान दोन-अडीच अंशांनी कमी दिसते. तेच २७० ओहम गरम इंजिनात, सेन्सरच्या तीनशेच्या आसपासच्या रोधात मिळवले, तर एकूण रोध जवळजवळ दुप्पट होतो आणि वीस-बावीस अंशांची तफावत पडते. एकच दोष थंडीत लपतो आणि गरमीत उघडा पडतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की इंजिन कितीही तापले, तरी या गाडीच्या ईसीयूला ८६ च्या वरचा आकडा दिसणेच शक्य नव्हते. पंखा चालू करण्याचे तापमान त्याहून वर होते. एसी चालू असताना पंखा एसीच्या मागणीवरून फिरत होता, म्हणून इंजिन वाचले. एसी बंद ठेवून वाहतूक कोंडीत अडकलो असतो, तर काटा मध्यावरही न जाता इंजिन उकळले असते, कारण डॅशबोर्डचा काटाही त्याच सेन्सरवर चालतो.

ही जोडतार लावण्याची परीक्षा फक्त दोन वायरींच्या थर्मिस्टर सेन्सरवर करावी, आणि तीही वायरिंगचा नकाशा पाहून. तीन वायरींच्या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि माहितीची वायर अशा तीन वाटा असतात. तिथे तार लावून पुरवठा शॉर्ट करणे चुकीचे आहे. तसेच ईसीयूच्या सर्किटवर बल्बचा टेस्टर वापरू नये. बल्ब खूप प्रवाह ओढतो. मल्टीमीटर जवळजवळ काहीच ओढत नाही.

तीन वायरींच्या सेन्सरबाबत एक गोष्ट माहीत असली, तर पुष्कळ गोंधळ टळतो. ५ व्होल्टचा एकच पुरवठा ईसीयूमधून निघून अनेकदा दोन-तीन सेन्सरांना वाटला जातो. त्यांपैकी एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर पुरवठा कोसळतो आणि ज्यांचा काही दोष नाही अशा सेन्सरांचेही कोड एकदम उमटतात. अशी रांग लागलेली दिसली, की ते सगळे सेन्सर एकाच वेळी बिघडले असे समजू नये. चावी चालू ठेवून पुरवठ्याच्या वायरवर मीटर लावावा आणि एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जावे. ज्याचा कनेक्टर काढताच व्होल्टेज परत ५ वर येते, त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या फाट्यावर दोष असतो.

इनटेकमधील, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गातील दाब मोजणारा मॅप सेन्सर तपासायला तर हवामानच मदत करते. चावी चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे: समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल, आणि उंचीवर त्याच्या प्रमाणात कमी, हजार मीटरवर ९० च्या आसपास. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू आले की तो साधारण ३० ते ४० वर उतरावा. पहिला आकडा बरोबर आणि दुसरा जास्त असेल, तर सेन्सरकडे बोट दाखवण्याआधी इनटेकची गळती, व्हॉल्व्हचे टायमिंग आणि सेन्सरकडे जाणारी चिरलेली नळी पाहावी, कारण मोजण्यासारखा दाबच तिथे खरोखर वाढलेला असू शकतो.

ऑक्सिजन सेन्सरचे प्रकरण यापेक्षा नाजूक आहे. हा सेन्सर निर्दोष असूनही बदलला जाण्याचे प्रकार फार होतात, असे माझे निरीक्षण आहे. १९७६ साली बॉशने बनवलेला असा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांमध्ये प्रथम आला, आणि जुन्या, झिर्कोनियाच्या प्रकारचे तत्त्व अजून तेच आहे: सुमारे ३०० अंशांहून अधिक तापल्यावर, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन कमी असेल तर तो ०.८-०.९ व्होल्ट देतो आणि जास्त असेल तर ०.१-०.२ व्होल्ट. पेट्रोलच्या प्रत्येक एक किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा, या प्रमाणाभोवती ईसीयू मिश्रण सतत किंचित इकडे, किंचित तिकडे करत राहतो आणि सेन्सरचा आकडा त्याबरोबर झुलत राहतो. आजच्या बऱ्याच गाड्यांत पुढचा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडचा सेन्सर वेगळ्या, विस्तृत पल्ल्याच्या प्रकारचा असतो. त्याचे व्होल्टेज असे झुलत नाही आणि त्याला जुना निकष लावणे चूक ठरते. म्हणून आपल्या गाडीत कोणता आहे, ते आधी पाहावे.

हा सेन्सर ऑक्सिजन मोजतो, इंधन मोजत नाही, आणि फसगत नेमकी इथे होते. समजा एका सिलिंडरचा प्लग ठिणगी देत नाही. त्या सिलिंडरमधली हवा न जळता एक्झॉस्टमध्ये येते, तिच्यातला सगळा ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की ऑक्सिजन जास्त आहे. ईसीयू त्याचा अर्थ ‘इंधन कमी पडते आहे’ असा लावतो आणि आणखी इंधन सोडू लागतो. गाडी काळा धूर टाकते, मायलेज पडते, आणि कोड मात्र इंधन कमी असल्याचा येतो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी हेच घडते. नवा सेन्सर लावला, तर तोही हेच सांगणार.

यातून वाट काढण्यासाठी स्कॅनरवरील फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे वाचायला शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन. ईसीयू आपल्या मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडतो आहे, ते त्यांत दिसते. एक आकडा त्या क्षणाचा आणि दुसरा काही काळात शिकलेला. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास असावी. दहा टक्क्यांच्या वर सतत राहिली, तर शोध घ्यावा. मास एअर फ्लो सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा तापलेल्या तारेवरून मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत ही बेरीज आधी आयडलवर आणि मग २,५०० फेऱ्यांवर पाहावी. आयडलवर अधिक २० आणि २,५०० फेऱ्यांवर अधिक ३ असे दिसले, तर सेन्सरनंतरच्या पाइपमधून, न मोजलेली हवा आत शिरते आहे; आयडलवर एकूण हवाच कमी असल्याने चिरीतून येणाऱ्या हवेचा वाटा तिथे मोठा असतो, आणि फेरे वाढले की तो नगण्य होतो. याउलट आयडलवर सगळे ठीक आणि भार वाढेल तशी बेरीजही वाढत जाते, असे दिसले तर दोन संशयित उरतात: तारेवर धूळ किंवा तेल बसल्याने हवा कमी मोजणारा एअर फ्लो सेन्सर, आणि दाब न पुरवणारा इंधनपंप. त्यांच्यात निवड करायची ती इंधनाचा दाब प्रत्यक्ष मोजून, अंदाजाने नाही. तारेवरची घाण त्यासाठीच्या खास स्प्रेने निघते. तारेला बोट किंवा कापूस लावू नये, ती केसासारखी नाजूक असते.

ऑक्सिजन सेन्सर स्वतः मेला आहे का, हे पाहण्याची रीत साधी आहे. गरम इंजिनावर व्हॅक्यूमची एक छोटी नळी काढून जास्तीची हवा आत जाऊ द्यावी. व्होल्टेज लगेच खाली गेले पाहिजे. नळी लावून ॲक्सिलरेटर एकदा झटक्यात दाबावा. मिश्रणात इंधन वाढते त्या क्षणी ते ०.८ च्या वर चढले पाहिजे. सेन्सर दोन्हीकडे चटकन धावत असेल, तर तो जे सांगतो ते खरे माना आणि कारण दुसरीकडे शोधा. तो रेंगाळत असेल किंवा मधेच अडकून बसत असेल, आणि त्याच्या हीटरला पुरवठा व अर्थिंग नीट मिळत असेल, तरच तो बदलण्याच्या लायकीचा.

क्रँकशाफ्टच्या सेन्सरचा दोष वेगळ्याच थाटात येतो. गाडी अर्धा तास उत्तम चालते, मग धावता धावता इंजिन बंद पडते; स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेटत नाही. वीस मिनिटे थांबले की जणू काही झालेच नव्हते अशी चालू होते. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तापल्यावर त्यातला तुटका सांधा उघडतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. अशी गाडी थंड करून गॅरेजला नेली, तर सगळी मोजमापे अगदी छान येतात आणि ‘काही दोष नाही’ असे उत्तर मिळते. म्हणून ती बंद पडलेली असताना, तापलेल्या अवस्थेतच स्टार्टर फिरवून स्कॅनरवरचे फेरे पाहावेत. इंजिन फिरत असूनही आकडा शून्य राहिला, तर या सेन्सरकडून ईसीयूला काहीच पोहोचत नाही, हे निश्चित. वेटोळ्याच्या सेन्सरचा रोध त्याच वेळी मोजून घ्यावा. तीन वायरींच्या हॉल (चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या) प्रकारच्या सेन्सरवर ओहममीटर लावू नये. त्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, आणि रोधाच्या आकड्याला तिथे काही अर्थ नसतो. सेन्सरच्या चुंबकी टोकाला चिकटलेला लोखंडी कीस आणि दातेरी चाकाचा तुटलेला दात हेही पाहावे.

कॅमशाफ्टचा सेन्सर, नॉक सेन्सर, पेडलचा सेन्सर यांनाही हाच क्रम लागू पडतो, म्हणून त्यांचा विस्तार करत नाही. पेडलबाबत एवढेच सांगतो की त्यात मुद्दाम दोन सेन्सर एकत्र असतात आणि ईसीयू दोघांचे आकडे सतत ताडून पाहतो. मधेच क्षणभर तुटणारा संकेत मल्टीमीटरला दिसत नाही, कारण तो सरासरी दाखवतो. तिथे ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारे उपकरण लागते. नसेल, तर गाडी चालू ठेवून स्कॅनरचा आलेख पाहत वायरिंग हळूहळू हलवत जाणे हा पर्याय बराच उपयोगी पडतो.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून दिवा विझला, म्हणजे काम झाले असे नव्हे. पुसल्याबरोबर ईसीयूच्या अंतर्गत चाचण्याही पहिल्यापासून सुरू होतात, आणि त्या पूर्ण व्हायला थंड सुरुवातीपासूनच्या अनेक फेऱ्या लागू शकतात. ज्या आकड्याने दोष दाखवला होता, तोच आकडा त्याच परिस्थितीत पुन्हा पाहावा लागतो. माझ्या गाडीत ती पिन कापून नवी बसवली, वायर झाळली, वरून सील केले आणि काढलेला जुना सेन्सरच परत लावला. जोडतार लावल्यावर स्कॅनर १४० वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंट २१, हवा २१. इंजिन तापल्यावर आकडा ८४ वरून चढत ९६ वर गेला, एसी बंद असताना पंखा पहिल्यांदाच स्वतःहून सुरू झाला, आणि ९० वर येऊन थांबला.